उन्हाळी इंटर्नची रेडिओवर चार मिनिटांत ओळख : काय विचारावं, रेकॉर्डिंग कसं करावं?

सकाळची_सभा (कळवा)

नमस्कार मंडळी. सार्वजनिक प्रसारणाच्या एका मराठी केंद्रावर मे ते जुलै इंटर्न असतात. यंदाची मुलं बहुतेक ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ इकडच्या कॉलेजांतली आहेत. माध्यमाचा अभ्यास करणारी जास्त, एखादी इलेक्ट्रॉनिक्सची. शुक्रवारच्या युवा कार्यक्रमात प्रत्येकाची ओळख करून द्यायची आहे. निवेदन धरून चार मिनिटं, त्याच्यावर एक सेकंद नाही.

नाव, कॉलेज, छंद, "इथे येऊन खूप शिकायला मिळालं" हा साचा नको आहे. पण त्याच्या जागी नेमकं काय विचारायचं?

अडचणी अशा : स्टुडिओ अर्धाच तास मिळतो आणि तोही प्रत्येकाला मिळेलच असं नाही. काहींचं रेकॉर्डिंग त्यांच्या घरी किंवा ठाण्या-वाशीत कुठेतरी करावं लागेल. हातात एक छोटा रेकॉर्डर, एक डायनॅमिक माइक आणि फोन. प्रसारण मध्यम लहरींवर, एफएमवर आणि मोबाईल ॲपवर, म्हणजे तिन्हीकडे नीट ऐकू आलं पाहिजे. एडिटिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरवर.

प्रश्न, रेकॉर्डिंग, कापाकापी, कशाबद्दलही सांगा. "आत्मविश्वासाने बोला" छापाचे सल्ले सोडून.

फेडरवर_बोट

कॉलेज, छंद आणि "कसं वाटलं" या तीन प्रश्नांवर सहा इंटर्नची उत्तरं घ्या आणि एकमेकांत अदलाबदल करा. श्रोत्याला पत्ता लागणार नाही. "कसं वाटलं?"ला "खूप छान वाटलं" याखेरीज दुसरं उत्तर निघत नाही. त्यात पोरांचा काही दोष नाही.

माणूस कळतो तो त्याच्या कामाच्या तपशिलातून. म्हणून आधी ड्यूटी रूममध्ये (रोजचं प्रसारण सांभाळणारी खोली) विचारून घ्या की ही मुलगी किंवा हा मुलगा रोज नेमकं काय करतो, आणि प्रश्न त्यावरून काढा.

समजा ती जुन्या स्पूल टेपचं (चकरीवर गुंडाळलेली ध्वनिफीत) डिजिटायझेशन करते. मग पहिला प्रश्न, "टेप मशीनवर चढवायच्या आधी काय काय बघतेस?" यात भरपूर ऐवज आहे. डब्यावरचं लेबल आणि आतली टेप एकच आहे का. वेग कोणता, सेकंदाला १९ सेंटिमीटर की ३८. टेप शेवट बाहेर ठेवून गुंडाळली असेल तर आधी उलटी फिरवून घ्यावी लागते, नाहीतर कार्यक्रम उलटा वाजतो. जुन्या जोडांचा डिंक सुकलेला असतो, तिथे टेप सुटते. मग पुढचा प्रश्न, "३८ची टेप १९वर लावली तर कसं ऐकू येतं?" वेग निम्मा म्हणजे आवाज बरोबर एक सप्तक खाली. दहातल्या आठ जणी इथे नक्कल करून दाखवतात आणि हसतात. चार मिनिटांतला सगळ्यात जिवंत तुकडा बहुधा हाच निघतो.

फोन-इनवर असेल तर : "श्रोत्याला लाईनवर सोडण्याआधी काय सांगतोस?" रेडिओ बंद करा, स्पीकरफोन काढा, नाव-गाव आधी सांगा, प्रश्न एकच. मग, "श्रोता ऐकतच नाही तेव्हा?" ॲप लावून बसलेल्या श्रोत्याला स्वतःचाच आवाज काही सेकंद उशिरा ऐकू येतो आणि तो मध्येच थांबतो. का थांबतो हे इंटर्नने समजावून सांगितलं की श्रोत्यालाही एक गोष्ट कळते, आणि हा पोरगा कामात किती मुरलाय तेही कळतं.

क्यू शीट (कोणता कार्यक्रम कधी आणि किती वेळ, याचा तक्ता) लिहिणारी असेल तर तिला कालच्या सभेतला एक कार्यक्रम सेकंदांसकट सांगायला लावा. (बाहेरच्यांसाठी : रेडिओत सभा म्हणजे प्रसारणाचा सलग कालखंड, मीटिंग नव्हे.)

काही गोष्टी पाळाच.

आदल्या दिवशी माइकशिवाय दहा मिनिटं गप्पा मारा, पण खरे प्रश्न तेव्हा विचारू नका. विचारलेत तर माइकसमोर "काल सांगितलं तसं..." सुरू होतं आणि उत्तर शिळं येतं. प्रश्न लिहूनही देऊ नका. लिहून दिले की पोरं उत्तरं लिहून आणतात आणि वाचतात, आणि वाचलेलं रेडिओवर दुसऱ्या शब्दाला कळतं. फक्त तीन विषय सांगा, तेही तोंडी.

तुमचा प्रश्न नंतर कापला जाणार असेल तर उत्तर स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. "किती टेपा झाल्या?" "चाळीस." हे निरुपयोगी. आधीच सांगून ठेवा की प्रश्नातला विषय उत्तरात घे : "आतापर्यंत चाळीस टेपा झाल्या." दोनदा विसरेल, तिसऱ्यांदा जमेल.

ती बोलत असताना "हं, हं, अच्छा" करू नका, मान हलवा. तुमचा हुंकार तिच्या शब्दावर बसला की तो तुकडा गेला. उत्तर संपलं असं वाटल्यावर तीन सेकंद गप्प राहा. पहिलं उत्तर तयार असतं, खरं त्याच्या मागून येतं.

लेव्हल घेताना "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" म्हणायला लावू नका, त्यात आवाज वेगळाच लागतो. "आत्ता तुझ्यासमोर टेबलावर काय काय आहे ते सांग" म्हणा. वीस-पंचवीस सेकंद सहज बोलते, आणि कधी कधी तोच तुकडा सुरुवातीला वापरता येतो.

तू की तुम्ही, हे रेकॉर्डिंगच्या आधी ठरवा. केंद्रात सगळे तिला "तू" म्हणत असतील तर ऑन एअर "तुम्ही" ओढूनताणून वाटतं. माझं मत "तू"कडे, पण ते केंद्राच्या रिवाजावर. अर्ध्यात बदलू नका, कारण एडिटमध्ये तुकडे मागेपुढे झाले की एका वाक्यात "तू" आणि पुढच्यात "तुम्ही" येतं.

सात-आठ प्रश्न पुष्कळ. कच्चं रेकॉर्डिंग २०-२५ मिनिटांच्या वर नेऊ नका. तासभर बोलून घेतलंत तर ऐवज वाढत नाही, ऐकायचं काम मात्र वाढतं.

ट्रान्सहार्बर (कोपरखैरणे)

वरचं सगळं मान्य. आता घरी आणि बाहेर रेकॉर्डिंगचं.

फॉरमॅट : डब्ल्यूएव्ही, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. मिनिटाला साधारण साडेआठ एमबी लागतात, म्हणजे २५ मिनिटांचे सव्वादोनशे एमबीच्या आसपास. एमपी३वर रेकॉर्ड करून जागा वाचवायची काही गरज नाही. आणि ती फाईल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, तिथे ती दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा सरळ पेन ड्राइव्ह.

लेव्हल : सर्वसाधारण बोलणं उणे १८च्या आसपास आणि मोठ्यातला मोठा शब्द उणे १०-१२ डेसिबलपर्यंत. हसली की आवाज एकदम वर उडतो, ती जागा आधीच सोडून ठेवायची. ऑटो लेव्हल बंद करा. चालू असेल तर ती गप्प झाली की रेकॉर्डर आपणहून लेव्हल वाढवतो, पंख्याची घरघर वर येते आणि पुढच्या शब्दाला खाली जाते. असा श्वास घेतल्यासारखा आवाज एडिटमध्ये निघत नाही.

डायनॅमिक माइक तोंडापासून एक वीतभर किंवा थोडा कमी, १५ सेंटिमीटर धरा. अगदी समोर नाही, ओठांच्या कोपऱ्याकडे तिरका. समोर धरला की प, फ, भ, ख यांचे भपकारे सरळ माइकवर येतात, आणि मराठीत महाप्राण अक्षरांना तोटा नाही. माइक तुम्ही धरा, तिच्या हातात देऊ नका. नवशिका हातवारे करत बोलतो, अंतर बदलतं, शिवाय बोटांची खरखर येते.

खोली : बेडरूम, कपड्यांचं कपाट उघडं, पलंगावर गादी, खिडकीला जाड पडदा. हॉलमध्ये आणि स्वयंपाकघरात फरशी-टाइल्समुळे आवाज घुमतो. घुमलेला आवाज नंतर कोरडा करता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. फ्रिज खोलीबाहेर असला तरी भिंतीतून त्याची ५० हर्ट्झची गुणगुण येते. तो बंद करायचाच असेल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे पुन्हा चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही.

पंखा आणि एसी बंद. मे महिन्यात ठाण्यात हे म्हणजे अत्याचार आहे, म्हणून सात-आठ मिनिटांचे टप्पे करा आणि मध्ये पंखा लावून पाणी प्या. घामाघूम माणूस लवकर संपवायच्या घाईने बोलतो.

वेळ : दुपारी दोन ते चार सगळ्यात शांत. सकाळी कोकीळ. ऐकायला गोड, पण कापाकापीचा शत्रू, कारण "कुहू" वर चढत असताना मध्ये कट पडला की लहान मूलही ओळखतं. संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या, सोसायटीतली मुलं, आरती. मागे गाणं किंवा टीव्ही असेल तर रेकॉर्डिंग सुरूच करू नका. चाल तुटलेली सगळ्यात आधी कळते. ऐरोली-रबाळे पट्ट्यात रुळालगतच्या इमारतीत असाल तर गाडी पूर्ण जाईपर्यंत थांबा आणि वाक्य पहिल्यापासून घ्या, अर्ध्यातून नको. ११ जूनच्या आसपास पाऊस धरला की पत्र्याची शेड असलेली खिडकी टाळा. मुसळधार पाऊस एकवेळ चालतो, तो सलग असतो. पत्र्यावरचं थेंबाथेंबाचं टपटप मात्र प्रत्येक कटला उडी मारतं.

फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर एअरप्लेन मोड. कॉल आला की बरीच ॲप रेकॉर्डिंग थांबवतात आणि तुम्हाला पाच मिनिटांनी कळतं.

आणि प्रत्येक जागी निघण्यापूर्वी एक मिनिट कुणीही न बोलता, त्याच माइकवर, त्याच लेव्हलला खोलीची शांतता रेकॉर्ड करा. सगळ्यांना मूर्खपणा वाटतो, पण एडिटला बसल्यावर दर दोन मिनिटांनी तीच लागते.

सकाळची_सभा (कळवा)

फ्रिजमधली किल्ली लिहून घेतली.

तीन उपप्रश्न. एक, बाहेरचे आवाज वापरायचे का? एकीचे वडील तुर्भ्याच्या फळ बाजारात आहेत, एक जण ठाण्याच्या तलावपाळीजवळ राहतो. दोन, पार्श्वसंगीत? तीन, पंचवीसचे चार मिनिटं करताना सुरुवात कुठून?

पट्टी_आणि_ब्लेड

तिसऱ्यापासून घेतो, बाकीचे त्यात येतील.

आधी कागद. पूर्ण रेकॉर्डिंग एकदा न थांबता ऐका आणि वेळेसकट नोंदी करा : ०३:१२ नक्कल करते, ०७:४० लेबल चुकीचं निघालं, १५:०५ आजोबांचा रेडिओ. ज्या तुकड्याला ऐकताना तुमची मान वर झाली त्याला खूण. असे सहा-सात निघतात, त्यांतले चार ठेवायचे. चार मिनिटांचा हिशोब साधारण असा : निवेदकाची ओळख २० सेकंद, मधले दोन जोड दहा-दहा सेकंद, शेवट १५ सेकंद. उरली तीन मिनिटं पाच सेकंद, ती तिची. मराठी निवेदन मिनिटाला ११० ते १३० शब्द जातं, म्हणजे २० सेकंदांत ४० शब्द. त्यात तिचं सगळं चरित्र बसत नाही आणि बसवूही नये.

आता मराठीची खास अडचण. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्य मध्ये तोडता येत नाही. "मी ती टेप मशीनवर" इथे काहीच झालेलं नसतं. शिवाय पोरं वाक्य संपवतच नाहीत : "टेप लावली आणि... मग लेबल बघितलं आणि..." प्रत्येक "आणि"च्या आधी सूर वर राहतो. तिथे कापलं की बाई बोलता बोलता जिन्यावरून पडल्यासारखी ऐकू येते. सूर खाली आलेलं क्रियापद शोधा आणि तिथेच कापा. सापडत नसेल तर तीच गोष्ट तिने दुसऱ्यांदा सांगितली असेल तिथला शेवट लावून बघा. लेव्हल आणि अंतर तेच असेल तर दहापैकी सहा वेळा जुळतो. यासाठीच रेकॉर्डिंगच्या वेळी महत्त्वाचं उत्तर "पुन्हा एकदा, थोडक्यात" असं म्हणून घेऊन ठेवायचं.

कट श्वासाच्या आधी, श्वासानंतर नाही. श्वास पुढच्या वाक्याचा असतो. सगळे श्वास उडवलेत तर यंत्र बोलतंय असं वाटतं. प्रत्येक जोडाला ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक तुकडा विरत असताना दुसरा वर आणणं), नाहीतर टिचकी येते. दोन तुकड्यांत पोकळी हवी असेल तिथे ट्रान्सहार्बर यांनी सांगितलेली खोलीची शांतता भरा, कोरी शांतता नको. कोऱ्या शांततेत श्रोत्याला वाटतं प्रसारण तुटलं.

"म्हणजे", "ॲक्च्युली", "ते हे" यांतले निम्मे काढा, सगळे नकोत. विचार करताना आलेलं "म्हणजे..." राहू द्या, सवयीचं काढा.

ऑडॅसिटीत क्रम :

पहिलं, हाय-पास, म्हणजे ठरावीक पातळीच्या खालचे खर्ज आवाज काढणारा फिल्टर. ८० हर्ट्झ, मुलीचा आवाज असेल तर १०० चालतं. हाताळणीची धडधड आणि दूरच्या वाहनांचा घुमारा जातो.

मग नॉइज रिडक्शन (मागची घरघर कमी करणं), लागलंच तर. शांततेचा तुकडा प्रोफाइल म्हणून द्या आणि ६ ते ८ डेसिबलवर थांबा. मोह होतो, पण १५-१८वर नेलंत की बोलणारी हंड्यात डोकं घालून बसलेली वाटते.

मग हलका कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारा), ३:१पेक्षा जास्त नको. प्रसारणाच्या साखळीत पुढे केंद्राचा प्रोसेसर आहेच. तुम्ही आधीच दाबून दिलंत तर तो पुन्हा दाबतो आणि श्वास शब्दांइतके मोठे होतात.

मग स, श, च. एफएमला आपल्याकडे ५० मायक्रोसेकंदांचं प्री-एम्फसिस आहे, म्हणजे ३.२ किलोहर्ट्झच्या पुढचा भाग पाठवताना वाढवला जातो. रेडिओ संच तो परत खाली आणतो, पण मधला लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेवर रोखणारा) त्या वाढलेल्या "स"वर आपटतो आणि आवाज फाटल्यासारखा येतो. हेडफोनवर टोचत नसलं तरी ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये डी-एसरने (टोचणारे स-श दाबणारा फिल्टर) ३-४ डेसिबल काढा.

शेवटी लाउडनेस. केंद्राचा मापदंड विचारून घ्या. काहीच सांगितलं नाही तर ॲपसाठी वेगळी प्रत उणे १६ एलयूएफएसला (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक), शिखर उणे १च्या खाली.

मध्यम लहरींसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्या भागात दोन केंद्रांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे साध्या संचात साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं फारसं उरत नाही. स, श, फ यांची ओळखच त्या वरच्या भागात असते. म्हणून नाव-आडनाव दोनदा यायला हवं, एकदा निवेदनात आणि एकदा तिच्या तोंडून, सावकाश. बाहेर पाठवण्याआधी ४.५ किलोहर्ट्झला लो-पास (त्यावरचे आवाज काढणारा फिल्टर) लावून एकदा ऐका (ती प्रत जतन करू नका). जिथे शब्द कळत नाही तिथे मागचा आवाज खाली घ्या.

आता बाहेरचे आवाज. तुर्भ्याचा बाजार तेव्हाच वापरा जेव्हा ती त्याबद्दल बोलते. "वडिलांबरोबर पहाटे जायचे" असं वाक्य असेल तर त्याच्या दोन सेकंद आधी बाजार वर आणा, ती बोलायला लागली की १५ ते २० डेसिबल खाली घ्या आणि वाक्य संपता संपता पुसा. दोन मिनिटं सलग रेकॉर्ड करा, माइक एका जागी, कुणाच्या बोलण्याकडे वळवू नका. पेट्यांचे, हातगाड्यांचे आवाज जवळून वेगळे घ्या. नुसता लांबून घेतलेला गोंगाट रेडिओवर पावसासारखा वाटतो. तलावपाळीवर संध्याकाळी वारा असतो, स्पंजची टोपी त्याला पुरत नाही, केसाळ आवरण लागतं. तेही नसेल तर वाऱ्याकडे पाठ करून स्वतःच आडोसा व्हा. रेल्वेच्या हद्दीत माइक काढायचा असेल तर केंद्राच्या पत्रावर आधी परवानगी.

केंद्रातलेही आवाज विसरू नका. स्पूल उलटी फिरताना चढत जाणारा सूर आणि शेवटी सुटलेल्या टोकाची फटफट. हे तीन सेकंद ओळखीच्या सुरुवातीला लावा, निवेदनाची दोन वाक्यं वाचतात.

पार्श्वसंगीत : नको. चार मिनिटं बोलणं धरून ठेवता येत नसेल तर सतार लावून धरता येणार नाही. शिवाय मध्यम लहरींवर संगीत आणि शब्द एकाच अरुंद पट्ट्यात भांडतात.

कच्चं रेकॉर्डिंग फेकू नका. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं, २०२७ला शंभर वर्षं होतील. आज स्पूल हाताळणाऱ्या पोरांनी त्या टेपांबद्दल जे सांगितलंय ते तेव्हा कुणीतरी शोधणारच. फाईलच्या नावात वर्ष-महिना-दिवस, विषय, "कच्चं" की "अंतिम" एवढं असलं की पुरे.

नौपाडा_वाचक

एक राहिलं. संमती.

लेखी घ्या, रेकॉर्डिंगच्या आधी, आणि त्यात रेडिओबरोबर ॲप आणि समाजमाध्यमं यांचाही उल्लेख असू द्या. आवाज एकदा हवेत जातो, क्लिप मात्र फिरत राहते. अठराच्या आतला विद्यार्थी असेल तर पालकांची सही. अकरावी-बारावीची मुलं इंटर्न म्हणून येतात, त्यामुळे वय विचारून घ्या.

आणि कापताना रोजचा दिनक्रम काढून टाका. "मी आठ सातची ठाणे-वाशी पकडते, मधल्या लेडीज डब्यात असते" हे ऐकायला छान आहे, पण नाव, आवाज, गाडी आणि डबा एवढं कुणाच्याही हाती द्यायचं नाही. "ट्रान्स हार्बरने (ठाणे-नवी मुंबई लोकल मार्ग) येते" पुरे. सोसायटीचं नाव, वर्गाची वेळ, फोन नंबर, तेही नको. फोन-इनचे किस्से सांगताना श्रोत्याचं नाव-गाव आलं तर तेसुद्धा कापा. त्या श्रोत्याने या कार्यक्रमासाठी संमती दिलेली नाही.

अंतिम प्रत प्रसारणाआधी इंटर्नला एकदा ऐकवा. मान्यता म्हणून नाही, तथ्य तपासायला : नावाचा उच्चार, विभागाचं नाव, टेपांचा आकडा.

घणसोलीचा_पोऱ्या

सगळे तांत्रिक बोलले. भाषेचं काय? नवी मुंबईच्या मूळ गावांतल्या, दिवाळे, घणसोली, गोठिवली इकडच्या मुली-मुलं घरी आगरी-कोळी बोलतात आणि माइक दिसला की पुस्तकी मराठी सुरू करतात. ती त्यांची नसते, म्हणून अडखळतात, आणि मग तुम्ही लिहिता की "इंटर्न बुजरी आहे".

सुरुवातीलाच सांगा की घरी बोलतेस तसं बोल. "मना" म्हणाली, "पानी" म्हणाली तर थांबवू नका आणि पुन्हा म्हणायला लावू नका. एकदा थांबवलंत की उरलेली वीस मिनिटं ती प्रत्येक शब्द तपासून बोलणार. घरातली आठवण, आजीचं बोलणं, बाजार, सण हे तिच्या बोलीत घ्या. मशीनबद्दल ती आपोआप प्रमाण भाषेत येते, कारण ते शब्द ती केंद्रातच शिकलीय. दोन्ही एका ओळखीत राहू द्या.

पट्टी_आणि_ब्लेड

पटलं, एका दुरुस्तीसह. बोलीतला शब्द बाहेरच्या श्रोत्याला अडेल असं वाटलं तर निवेदनाच्या जोडात त्याचा संदर्भ सहज आणा, तिला अर्थ सांगायला लावू नका. स्वतःच्या भाषेचा अर्थ सांगायला लागलं की माणूस पाहुणा होतो.

फेडरवर_बोट

निवेदनाचा एक नमुना देतो, चाळीस शब्दांच्या आतला. नाव शेवटी ठेवलंय, कारण सुरुवातीचं नाव श्रोता कान लावेपर्यंत निघून जातं :

(स्पूल उलटी फिरल्याचा आवाज, ३ सेकंद)
"हा आवाज तिला आता झोपेतही ओळखू येतो. जुन्या ध्वनिफितींच्या खोलीत ती रोज चार तास असते. डबा उघडायचा, लेबल तपासायचं, वेग बघायचा, मगच बटण. शहाबाज गावातून आलेली आपली इंटर्न, (नाव, आडनाव)."
(लगेच तिचा आवाज, "मी" ऐवजी कृतीने सुरू होणारा : "डब्यावर लिहिलं होतं भजन, आणि आत निघालं शेतीचं भाषण...")

"आपल्यासोबत आहेत", "चला तर मग जाणून घेऊया" हे दोन्ही टाळा. त्यात तीन-तीन सेकंद जातात आणि मिळत काही नाही. शेवटी तिचे आभार निवेदकाने मानायची गरज नाही, तिच्या एखाद्या वाक्यावर सोडा आणि मागून नाव एकदा.

सकाळची_सभा (कळवा)

खूप खूप आभार सगळ्यांचे. शेवटचं एक : एडिट इंटर्नकडूनच करून घ्यावं का? सहा जणांचं एकट्याने करणं अवघड दिसतंय.

पट्टी_आणि_ब्लेड

करून घ्या, पण स्वतःचं स्वतः नाही. जोड्या लावा, हिने त्याचं, त्याने हिचं. स्वतःचा आवाज एडिट करणारा प्रत्येक अडखळ, प्रत्येक हसू उडवतो आणि जे ठेवायला हवं होतं नेमकं तेच जातं. नवख्या हाताला चार मिनिटांसाठी तीन-चार तास धरा. पहिल्या दिवशी नुसत्या वेळेसकट नोंदी आणि तुकड्यांची निवड, ती तुम्ही बघायची. दुसऱ्या दिवशी कापाकापी. फिल्टर वगैरे सगळ्यात शेवटी आणि सहाही फाइलींवर एकच मापं, नाहीतर दर शुक्रवारी आवाज वेगळा लागेल. मूळ फाईल आधी दुसरीकडे कॉपी करायला लावा. ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट पेन ड्राइव्हवरून थेट उघडून काम करू देऊ नका, मध्येच ड्राइव्ह निघाला तर दिवसभराचं काम जातं.